ओताऱ्याची पायरी

हिवरमाळला जाखाईच्या देवळाखाली ओढा वाहतो. त्यात एक काळी सपाट शिळा आहे, अर्धी पाण्यात, अर्धी बाहेर. तिला ओताऱ्याची पायरी म्हणतात. मूल व्हावं म्हणून देवीला येणाऱ्या जोडप्यातल्या पुरुषानेच तिथे कमरेइतक्या पाण्यात बसायचं असतं. तो बावचळून इकडेतिकडे पाहू लागला, की देवळाचे म्हातारे गुरव दाजीबा त्याला ही हकीकत सांगतात.

फार पूर्वी गावात गोंदाजी नावाचा ओतारी होता म्हणे. देवळांच्या घंटा ओतण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. सकाळी भट्टीपुढे बसला की दिवेलागणीलाच उठायचा. मांडीजवळच्या मुशीत काशाचा रस उकळत असे. त्या आचेने त्याच्या धोतराचे काठ कायमचे तपकिरी झाले होते.

लग्नाला नऊ वर्षं झाली तरी त्याची बायको साळू हिची कूस उजवली नव्हती. दोष तिचाच, यात गोंदाजीला कधी शंका आली नाही. आधी सोमवार धरायला लावला, मग मंगळवार, मग चतुर्थी. ओलेत्याने प्रदक्षिणा झाल्या. साळू पूर्वी अंगाने भरलेली होती, ती वाळून गेली. तीन-तीन महिने तिला कावळा शिवेना. हे कळल्यावर गोंदाजीने तिला आणखी एक उपास सांगितला.

पुढे त्याने जाखाईला मोठी घंटा वाहिली. घंटा टांगली की तिला पहिलं हळदकुंकू ओताऱ्याच्या बायकोने लावायचं, हा मान ठरलेला. साळू ताट घेऊन पुढे आली. सगळा गाव बघत होता. गोंदाजीने तिच्या हातातून ताट काढून घेतलं आणि शेजारच्या लेकुरवाळीच्या हातात दिलं. साळूचे रिकामे हात थोडा वेळ तसेच पुढे राहिले. मग तिने ते पदराखाली घेतले. त्याच आठवड्यात गोंदाजीच्या आईने, आवडाबाईने, त्याच्यासाठी दुसरी मुलगी पाहायला सुरुवात केली.

अशात एक दिवस चिमाबाई नावाची म्हातारी धनगरीण मेंढ्यांच्या गळ्यातल्या घाट्या करून घ्यायला आली. गिऱ्हाईकं बसली होती. पाण्याची घागर घेऊन येणारी साळू अंगणातच भोवळ येऊन पडली. चिमाबाईने तिचं डोकं मांडीवर घेतलं, पोटाला हात लावून पाहिला आणि काल काय जेवली ते विचारलं. काल उपास होता. परवाही उपास होता. ते कशासाठी, हे गोंदाजीनेच सांगितलं, जरा मोठ्याने.

म्हातारीने त्याच्याकडे पाहिलं, भट्टीकडे पाहिलं.

"ओताऱ्या, मेंढा उन्हाळ्यात तापला, तर मेंढ्या गाभण राहत नाहीत," ती म्हणाली. "आम्ही मेंढ्याला गारव्याला नेतो. मेंढीला उपास घडवत नाही."

गिऱ्हाईकांपैकी कोणी हसलं नाही, आणि तेच गोंदाजीला जास्त झोंबलं. त्याने म्हातारीला वाट्टेल ते बोलून हाकललं. पण जेवायला बसल्यावर त्याने आईला विचारलं, असलं काही असतं का? आवडाबाईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"तुझ्या वेळी सालभर तुझ्या बापाची भट्टी पेटली नव्हती," ती म्हणाली. "तांबंच मिळत नव्हतं."

"त्याआधी?"

"अकरा वर्षं मीसुद्धा उपासच केले."

"मग तू बोलली का नाहीस, आई?"

"तुझ्या बापाला कोण सांगणार? आणि मग सवयच झाली गप्प बसायची."

गोंदाजी ताटावरून उठला. साळू भिंतीशी बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं, पण मान वर केली नाही. तिच्याकडे बघण्याचं बळ त्याला आलं नाही. दुसऱ्या दिवशी आईने पाहिलेल्या मुलीच्या घरी नाही म्हणून निरोप गेला, आणि गोंदाजी पागोटं हातात घेऊन धनगरवाड्यावर चिमाबाईची माफी मागायला गेला.

तिने जे सांगितलं त्यात मंत्रतंत्र काही नव्हतं. तीन-चार महिने भट्टीपुढे बसू नकोस. रोज थोडा वेळ थंड पाण्यात बस. ताडी सोड. बायकोला पोटभर जेवू घाल, दूध दे, तीळ दे, तिचं अंग भरू दे. पाळी सुरळीत झाली की ती सरल्यावर आठ-दहा दिवस एकमेकांजवळ राहा, आणि त्या दिवसांत तरी भांडू नका.

गोंदाजीने भट्टी विझवली. जुनी भांडी घासूनपुसून देण्याच्या कामावर घर कसंबसं चालवलं. रोज दुपारी तो ओढ्यातल्या शिळेवर जाऊन बसे. वरच्या अंगाला बायका धुणं धूत. ओतारी भिजत घातलाय, असं त्या म्हणत, आणि त्याला ते ऐकू येई. कान लाल होत, पण तो उठत नसे. संध्याकाळी साळूचं पान तो स्वतः वाढी. ती जेवे, पण त्याच्याशी फार बोलत नसे.

चौथ्या महिन्यात तिची पाळी नीट सुरू झाली, आणि पुढच्या आखाडात तिला दिवस गेले. सातव्या महिन्यात देवळात ओटी भरायचं ठरलं. गाव जमला. सुवासिनी पुढे झाल्या तेव्हा साळूने पदर आवरून घेतला.

"ओटी घेईन," ती नवऱ्याला म्हणाली. "पण त्याआधी ते उपास कुणापायी झाले, ते तुम्ही सगळ्यांना सांगा. ताट सगळ्यांसमोर काढून घेतलं होतं."

गोंदाजी उभा राहिला. मान खाली घालून तो म्हणाला, "उणं माझ्यात होतं. उपास हिला घडवले." मग साळूने पदर पसरला. तिला मुलगी झाली. साळूने नवऱ्याला माफ केलं की नाही, हे मात्र कुणी सांगत नाही.

आजही इथे मूल मागायला आलेल्या बाईने उपाशी राहायचं नसतं. दाजीबा तिला पिंपळाखाली बसवून भाकरी-दूध वाढतात. नवरा पाण्यातून वर आला, की त्याने तिच्यापुढे बसून म्हणायचं, "उणं माझ्यातही असेल. एकटीला बोल लावणार नाही." मूल होईलच, असं दाजीबा कधीच सांगत नाहीत. काहींना होतं, काहींना होत नाही. दवाखान्यात जाल तर दोघं जा, एवढं ते बजावतात.

गेल्या चैत्रात एक जोडपं आलं होतं. नवरा मोठा हुद्देदार. पाण्यात बसला, वर आला, पण वाक्य काही तोंडातून निघेना. त्याची आई शेजारीच उभी होती. बायको पानासमोर हात मांडीवर ठेवून बसली होती. दुधावर साय धरली. शेवटी तो ओल्या कपड्यांनी तिच्यापुढे बसला आणि अगदी हळू काहीतरी बोलला. दाजीबांना ते ऐकू आलं नाही. पण तिने भाकरी मोडली आणि जेवायला लागली.