संकासुराला पाठ झालेलं भाषण

लोककला परिषदेचे अध्यक्ष अण्णासाहेब राजाध्यक्ष माइकसमोर उभे राहिले, की कलेवर संकट आलंच म्हणून समजावं. यंदाच्या दशावतार महोत्सवात त्यांनी सगुण परबालाच धरलं. सगुण दशावतारातल्या संकासुराचं, म्हणजे हसवणाऱ्या राक्षसाचं, सोंग घ्यायचा आणि आपल्या मंडळाची नाटकं मोबाइलवरून जगाला दाखवायचा. आताही तो काळा बुरखा चढवून रंगमंचाशेजारी तयार उभा होता.

"या व्हिडिओंनी नुसते नकलाकार जन्माला घातले," अण्णासाहेब गरजले. "नवं कुणाला सुचतच नाही. सगुण, चॅनेल आजच बंद कर, नाहीतर तुझं मंडळ महोत्सवातून बाद. कारण कला म्हणजे..."

"समईची ज्योत," बुरख्याआडून सगुण म्हणाला. "तिका मोबाइलचो वारो लागता कामा नये."

अण्णासाहेबांचा आ तसाच राहिला. "तुला कसं कळलं?"

"कुडाळात ह्याच बोललात, वेंगुर्ल्यातय ह्याच. दोनय भाषणांचे व्हिडिओ बघितलंय, सायबानू. आमच्या नाटकाचे संवाद लिवलेले नसतत. कालचे संवाद गावान मोबाइलवर ऐकलेले असतत, म्हणान आज नवे रचूचे लागतत. तुमचे व्हिडिओ मी एकटोच बघतंय, म्हणान तुमका जुना चलता."

मांडवात हशा पिकला. "नाटक सुरू करा," एवढंच म्हणून अण्णासाहेब खाली बसले.

पुढच्या महिन्यात मालवणात त्यांनी अकरा वर्षांत पहिल्यांदा नवं भाषण केलं. सगुणने ते त्याच संध्याकाळी चॅनेलवर टाकलं. त्यापुढच्या सभेसाठी अण्णासाहेबांना पुन्हा लिहायला बसावं लागलं.