पहिल्या पानाचा मान

एकदा एक विद्यार्थिनी आपल्या महाविद्यालयाच्या वार्षिकांकाची कच्ची प्रत घेऊन चित्रकलेच्या वृद्ध गुरुजींकडे गेली. अंकाची संपादक तीच, मांडणीही तिचीच. आणि आपण काहीतरी अपूर्व घडवले आहे, याविषयी तिला तिळमात्र शंका नव्हती. सुरुवातीच्या पानांना तर अशी वेलबुट्टी आणि अशा सोनेरी चौकटी, की लग्नपत्रिकेनेही लाजावे!

"गुरुजी, या आठवड्यात अंक छापायला जायचाय. काही दोष असला तर सांगा," ती म्हणाली. दोष नाहीच, हे तिने मनातल्या मनात ठरवून टाकले होते.

गुरुजींनी चष्मा लावला. पहिल्या पानावर संस्थेच्या अध्यक्षांचे पानभर छायाचित्र होते. गुरुजी गुडघ्यांवर हात टेकून उठले, छायाचित्राला नमस्कार केला आणि बसले. पुढच्या पानावर उपाध्यक्ष. गुरुजी पुन्हा उठले. मग सचिव, खजिनदार, प्राचार्य, देणगीदार. प्रत्येकाचा शुभसंदेश, प्रत्येकाची चौकट आणि प्रत्येकासाठी गुरुजींची एक उठाबशी.

"अहो गुरुजी, बसा ना! हे काय चालवलंय तुम्ही?"

पण म्हातारा ऐकेल तर शपथ. विद्यार्थ्यांचे पहिले पान उघडण्याआधीच त्यांनी धापा टाकत अंक मिटला. "दमलो गं. आता वाचायचं त्राण नाही."

ती चिडलीच. "ही थट्टा झाली, गुरुजी. दरवर्षी असंच असतं. प्रथाच आहे ती."

"थट्टा मी करतोय की तू?" गुरुजी म्हणाले. "अंक कोणाचा? मुलांचा. म्हणजे घर त्यांचं. तू पाहुण्यांना बैठकीत लोडाशी बसवलंस आणि घरधन्यांना मोरीपाशी उभं केलंस. वाचणारा नमस्कार करूनच थकतो, तिथवर पोचतोय कशाला? तुझ्या हातात कला आहे, पण तीही सगळी पाहुण्यांवरच उधळलीस. या अंकात असं एक तरी पान आहे का, जे वाचून तू स्वतः उठून उभी राहिलीस?"

होते. चंद्रकला नावाच्या मुलीची, वसतिगृहाच्या कोरड्या नळावरची कविता. ती वाचताना हिच्या अंगावर काटा आला होता. आणि हिनेच ती शेवटच्या पानावर, जाहिरातीखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत कोंबली होती. कारण पाण्याचा विषय निघाला, की सचिवांच्या कपाळाला आठी पडे. तिला स्वतःची विलक्षण लाज वाटली. तिने अंक उचलला.

दोन दिवसांनी नवी मांडणी सचिवांसमोर आली. पहिल्या पानावर ती कविता, ठसठशीत अक्षरांत, भोवती भरपूर मोकळी जागा. सारे मान्यवर शेवटी, एकाच पानावर. सचिव उसळले.

"अध्यक्ष शेवटी, आणि पहिल्या पानावर नळ? संपादकपद जड झालंय वाटतं तुला!"

"पद काढून घ्या, सर," ती म्हणाली. "पण कविता पहिल्याच पानावर राहील."

ज्यांचे लेखन अंकात होते ती मुले तिच्या मागे येऊन उभी राहिली. कविता मागे गेली, तर आमचेही लेखन परत द्या, म्हणाली. नुसत्या शुभसंदेशांचा अंक कसा निघणार? सचिव नमले. मात्र रागाच्या भरात त्यांनी तिचे नाव अंकातून वगळले.

छापील अंक घेऊन ती गुरुजींकडे गेली. त्यांनी तो आतबाहेर पाहिला. "संपादक म्हणून तुझं नाव दिसत नाही?"

"वगळलं त्यांनी." दुःख झाले होते, ते तिने लपवले नाही. पण मान ताठ होती.

गुरुजींनी पहिले पान उघडले. कविता सावकाश, शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. मग गुडघ्यांवर हात टेकून ते उठले आणि त्या पानाला त्यांनी नमस्कार केला. नमस्कार झाला, तरी ते उभेच राहिले.

"गुरुजी, बसा ना आता. गुडघे दुखतील."

"बसतो," गुरुजी म्हणाले. "आधी तू बस."