पहिल्या बाराचा मान

“...पण ठसा आधी दिला तर काय बिघडंल, उस्ताद?”

दस्तगीर उस्ताद एका जुन्या बंदुकीच्या घोड्याला तेल देत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“आधी बार, मग ठसा. रीत हाय ती.”

विचारणारा खंडू जिनगर. उस्तादांच्या हाताखाली त्याची सहा वर्षं झाली होती आणि त्यानं पहिली अख्खी बंदूक एकट्यानं घडवली होती, आबा पाटलांसाठी. तिच्या नळीवर स्वतःच्या नावाचा ठसा उठला की तो कारागीर. नाही तर पुन्हा भाता ओढणं. दसरा चार दिवसांवर आलेला, पाटलांना शस्त्रपूजेला बंदूक हवी होती आणि खंडूला लगोलग कारागीर व्हायचं होतं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

मी दुकानाच्या पायरीवर बसलो होतो. संस्थानातले दिवस ते, मला फारसं काम नसे, आणि दस्तगीर उस्तादांचे हात बघत बसण्यासारखं सुख गावात दुसरं नव्हतं.

बंदुका घडवणारे पुष्कळ असतात, नेमबाजही असतात. एकाच माणसात दोन्ही मी हा एकच पाहिला. पिस्तूल कमरेच्या शेल्यात, दोन्ही हात मोकळे. कुणीतरी लिंबू वर फेकायचं. लिंबाच्या फोडी खाली पडेपर्यंत पिस्तूल परत शेल्यात गेलेलं असे. मी डोळे फाडून बघायचो, पण हात हललेला काही मला कधी दिसला नाही.

खंडूनंही ती कला बऱ्यापैकी उचलली होती. त्याचा हात चपळ होता, तोंड त्याहून चपळ.

“आज ठसा द्या, पहिला बार मीच काढतो. माझी बंदूक, माझा गाल.”

उस्तादांचे हात थांबले.

इथं त्यांच्या दुकानाची रीत सांगायला हवी. नव्या बंदुकीत दुप्पट दारू ठासून पहिला बार काढतात. नळी कच्ची असेल तर त्यात फुटते. बाकीचे कारागीर बंदूक बाभळीला बांधून दुरून दोरी ओढत. दस्तगीर उस्तादांच्या दुकानात मात्र ज्याचा ठसा, त्यानं गालाला लावून बार काढायचा. आणि शागिर्दाला ठसा नसतो, म्हणून त्याच्या बंदुकीचा पहिला बार उस्तादांचा.

“आण इकडं,” उस्ताद म्हणाले.

खंडूनं बंदूक दिली. उस्तादांनी नळीवरून बोटं फिरवली, मग ती कानाशी धरून, मडकं पारखावं तशी नखानं टिचकी मारली.

एकदा... पुन्हा एकदा...

“घासलीयस झ्याक,” एवढंच म्हणाले.

खंडू हसला नाही. एरवी एवढ्या शाबासकीवर त्यानं गावभर मिरवून घेतलं असतं.

दुकानामागं मातीचा बांध होता. उस्तादांनी दारू ओतली, दुप्पट. गजानं ठासली. घोडा आपटला की ठिणगी देणारी टोपी चढवली.

“उस्ताद, बाभळीला बांधू या की. एकडाव.”

“का रं?”

“तसंच.”

“पाटील डुकरावर बार काढतील, तवा बाभळीला बांधून काढतील व्हय?”

खंडूनं एकवार बाभळीकडं बघितलं.

उस्तादांनी घोडा चढवला. दस्ता खांद्याला लावला. पांढरी दाढी बाजूला सारून गाल टेकला आणि बोट चापावर ठेवलं.

मी कानावर हात ठेवले.

...

बार होईना.

मी हात काढले, पुन्हा ठेवले. बांधावरची साळुंकी उडाली, परत येऊन बसली. उस्तादांचा गाल तसाच टेकलेला, बोट चापावर तसंच.

खंडूच्या कपाळावर घाम फुटला होता. त्याचे ओठ हलत होते, आवाज निघत नव्हता.

आणि मग तो कधी पुढं झाला ते मला कळलंच नाही. बघतो तर त्याचा अंगठा घोड्याखाली, टोपीवर आडवा घातलेला. आता चाप ओढला असता, तर घोड्यानं अंगठ्याचं हाड मोडलं असतं, पण बार झाला नसता.

“चीर हाय, उस्ताद,” तो म्हणाला. “बुडाशी. केसाएवढी. नळी फिरवताना दिसली मला. डाख देऊन भरली, घासली, रंग दिला. मला वाटलं, मीच बार काढीन, काय व्हायचं ते मला हुईल.”

उस्तादांनी घोडा अलगद उतरवला. बंदूक बांधाला टेकवून ठेवली.

खंडू लहान मुलासारखा रडत होता. मलाही गलबलून आलं, खोटं कशाला सांगू.

“ठसा नगं मला. पाटलांस्नी मी जाऊन सांगतो, दसऱ्याला बंदूक न्हाई म्हणून.”

“सांग.”

उस्ताद खाली बसले. त्यांनी खंडूचा हात ओढून घेतला, त्याचा अंगठा उलटसुलट करून पाहिला आणि मग आपल्या मुठीत धरून ठेवला.



“उस्ताद,” खंडूनं नाक पुसत विचारलं, “तुमचा हात एवढा चपळ... चाप ओढाय एवढा येळ कसा लागला?”

“तुझी वाट बघत हुतो, पोरा.”