जाड कपलिंग

लोखंडाला वाचा होती, तेव्हाची गोष्ट. साठ डब्यांच्या मालगाडीचं मधलं, दोन डब्यांना जोडणारं कपलिंग आठवड्यात तिसऱ्यांदा तुटलं आणि गाडी चढावर अडकली. शेवटी जोडलेला गार्डचा म्हातारा डबा अगदी वैतागून गेला.

"लोखंडच हलकं," इंजिन म्हणालं. "चांगलं जाड कपलिंग आणा."

"लोखंडाला नावं ठेवू नकोस," म्हातारा म्हणाला. "मागचे ब्रेक सुटायच्या आत तू हिसका देतंस. जरा थांबत जा. अरे, कपलिंग तुटतं म्हणून डबा वाचतो."

"शेपटाने डोक्याला शिकवू नये, आजोबा."

जाड कपलिंग आलं. ते तिसाव्या डब्याला बसवलं, तसा तो खूश झाला. "रोजची कटकट मिटली, आजोबा," तो म्हणाला.

इंजिनाने शिट्टी वाजवली आणि नेहमीसारखाच हिसका दिला. कपलिंगाला काही झालं नाही. तिसाव्या डब्याचं मात्र तोंडच उपटून आलं. त्याला तिथेच रुळांवरून खाली लोटून दिलं.

"डबाही हलकाच निघाला," इंजिन म्हणालं.

"हो ना," म्हातारा म्हणाला. "आता जाड डबे मागव. ते मोडले की जाड रूळ मागव. पण दोन मिनिटं थांबू नकोस."