इंदूचा ठावठिकाणा

एकदा एक वृद्ध गृहस्थ लांब पल्ल्याच्या धावपटूंचे व्यवस्थापन पाहणारी छोटी कंपनी चालवत होते. सगळे त्यांना आप्पा म्हणत. त्यांच्या हाताखाली एक शिष्य तयार होत होता. हुशार, कष्टाळू, आणि काळजी करण्यात तर कुणाला हार न जाणारा.

या खेळात एक कडक नियम आहे. उत्तेजक द्रव्यांची तपासणी करणारे अधिकारी न कळवता येतात. म्हणून नामवंत धावपटूने रोज एक तास आपण नेमके कुठे सापडू, हे आधीच मोबाइलवर नोंदवायचे. त्या तासाला तो तिथे सापडला नाही, की एक चूक. वर्षभरात तीन चुका झाल्या, की दोन वर्षांची बंदी. मग औषध घेतलेले असो वा नसो.

कंपनीच्या अकरा धावपटूंच्या नोंदी शिष्यच भरी. खेळाडूला कशाला त्रास, अशी त्याची भाबडी समजूत. त्यांपैकी इंदू पावरा दहा हजार मीटर धावणारी. एकदा ती सरावासाठी दुसऱ्या गावी गेली असताना याने नेहमीप्रमाणे तिच्या वसतिगृहाचा पत्ता भरला आणि पहिली चूक तिच्या नावावर लागली. तेव्हापासून तो रोज पहाटे फोन करू लागला.

"इंदू, खोलीवरच आहेस ना?"

"हो दादा."

तरीही दुसरी चूक झाली. पहिली चूक बाद व्हायला अजून दीड महिना होता. तोवर तिसरी झाली असती, तर सव्वीस वर्षांच्या त्या मुलीचे धावणेच संपले असते. शिष्याला घास गोड लागेना.

अशा वेळी आप्पांनी भलतेच केले. इंदूला कार्यालयात बोलावून त्यांनी तिच्या नोंदीचा पासवर्ड तिच्याच हाती दिला आणि शिष्याला तो आपल्या मोबाइलमधून काढून टाकायला लावला. पहाटेचा फोनही बंद.

"आप्पा, निदान दीड महिना थांबा," शिष्य काकुळतीला आला. "तिच्या लक्षात राहत नाही हो."

"म्हणूनच आज," आप्पा म्हणाले.

आठवडा कसाबसा गेला. मग एका सकाळी शिष्याला राहवेना. सहाच्या सुमारास तो वसतिगृहावर पोहोचला, तर इंदूच्या खोलीला कुलूप. रखवालदार म्हणाला, "ताई काल दुपारीच बॅग घेऊन गेल्या." फोन वाजत होता, कोणी उचलत नव्हते. सहा ते सात हाच तिचा नोंदीचा तास. येणारी प्रत्येक गाडी त्याला अधिकाऱ्यांची वाटे. सात वाजून गेले, कोणीच आले नाही.

सव्वासातला इंदूचा फोन आला. "दादा, तपासणीवाले समोर होते, म्हणून उचलला नाही. नमुना दिला."

"कुठे?"

"शिरपूरला, मामांकडे. आज आईचं ऑपरेशन आहे. काल बसमध्येच पत्ता बदलला."

शिष्याने विचारले, "मग दुसऱ्या वेळी काय झालं होतं? मी फोन केला होता ना?"

"तेव्हा भावाच्या लग्नाला गेले होते. नाही म्हटलं तर तुम्ही घाबरता, म्हणून हो म्हणाले. नोंदीचं सगळं तुम्हीच बघत होता, त्यामुळे मला वाटलं, तुम्ही नुसती चौकशी करताय."

कार्यालयात येऊन त्याने हे सारे आप्पांना सांगितले.

"तू तिची इतकी काळजी केलीस, की तिला करायला काही उरलंच नाही," आप्पा म्हणाले. "शर्यतीत वेग केव्हा वाढवायचा, हे ती एकटी ठरवते. तिला पत्ता भरता येणार नाही, असं तुला का वाटावं? बंदी आली असती तर ती काही तुझ्यावर आली नसती. मलाही भीती वाटत होती रे. पण एक सांग, आजची नोंद तुझ्याकडे असती, तर तू कुठला पत्ता भरला असतास?"

"वसतिगृहाचा," शिष्य हलक्या आवाजात म्हणाला.

दुपारपर्यंत शिष्याने उरलेल्या दहाही जणांना आपापले पासवर्ड घ्यायला बोलावून घेतले होते.