छत्रीचा मुजरा

गाणी स्वच्छ ऐकू यायची, बाजारभाव स्वच्छ ऐकू यायचे. महाराजांचं भाषण सुरू झालं रे झालं की कर्ण्यातून नुसती खरखर. हे कानावर आल्यावर राजे गजेंद्ररावांच्या अंगाचा तिळपापड झाला. एवढ्या हौसेनं उपग्रह आभाळात चढवला, तो काय लोकांना लावण्या ऐकवायला? त्यांनी भाषण ध्वनिमुद्रित केलं, ते राजधानीतून सोडायला सांगितलं आणि स्वतः लवाजमा घेऊन कातळवाडीच्या चावडीसमोर येऊन बसले.

चावडीच्या छपरावर छत्री होती. गावात तिला छत्री म्हणत, पण होती ती आभाळाकडे तोंड करून बसलेली तांब्याची भली थोरली परात. जिवाजी तांबटानं ती घडवली होती आणि राखणही तोच करायचा. आज खरखरीचं खापर आपल्या आबांच्याच माथी फुटणार, या विचारानं त्याची मुलगी सगुणा हिला सकाळपासून घास गिळवत नव्हता.

गाणं संपलं. "सावधान, महाराज बोलत आहेत," असा पुकारा झाला. सारा गाव कमरेत वाकला. जिवाजीनं दोर ओढला, तशी छपरावरची छत्रीही खाली वाकली. हुकूमच होता तसा. महाराजांचा शब्द येताना जो ताठ राहील तो गुन्हेगार, मग माणूस असो की यंत्र.

"माझ्या प्रिय प्रजाजनांनो..." एवढंच कळलं. पुढे खरखर.

"गाण्याला खरखर नाही आणि आम्हाला आहे," महाराज कडाडले. "ही फितुरी आहे."

यंत्रपती विसाजीपंत लगबगीनं पुढे आले. खरं कारण त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण महाराजांना मुजरा केल्यानं बिघाड होतो, हे महाराजांना सांगायचं कोणी? नोकरी जायची, कदाचित मानही. ते म्हणाले, "सरकार, आपला आवाज छत्तीस हजार किलोमीटर उतरून येतो. येईपर्यंत मुंगीच्या श्वासाएवढा उरतो. मी तो दहा पट वाढवतो."

त्यांनी नवी पेटी जोडली. खरखर अशी काही गरजली की महाराजांचा घोडा दावं तोडून पळाला.

सगुणाला हसू आवरेना. ते नेमकं महाराजांनी पाहिलं.

"पोरी, कशाला हसलीस?"

"घोड्याला नाही हसले, सरकार. पंतांच्या हिशेबाला हसले." तिनं छत्रीखालच्या मोजणीच्या काट्याकडे बोट दाखवलं. "तुमचा आवाज चार भाग, खरखर आठ भाग. पंतांची पेटी आवाज कोणता अन् खरखर कोणती ते बघत नाही. दहा पट केले, चाळीस अन् ऐंशी झाले. भातात खडे असले आणि दुप्पट वाढलं, तर खडे कमी होतात का?"

विसाजीपंतांचा चेहरा पडला. महाराजांना मात्र चेव चढला.

"मग तूच काढ खडे. राजधानीतून शक्ती वाढवायची नाही, छत्री मोठी करायची नाही आणि आमचा मुजरा चुकवायचा नाही. सूर्य बुडायच्या आत आवाज स्वच्छ आला नाही, तर तुझ्या बापानं आमच्या राज्याबाहेर चालू लागावं."

जिवाजीनं कपाळाला हात लावला. सगुणानं पदर खोचला. ती म्हणाली, "सरकार, एक विचारू? दरबारात मुजरा करताना तोंड कुठं असावं?"

"आमच्याकडे."

"आणि पाठ दाखवली तर?"

"पाठ दाखवणाऱ्याला आम्ही फटके देतो. माणसं आमच्यासमोरून उलट्या पावलांनी जातात."

"बरं, आत्ता तुमचा शब्द येतो कुठून?"

महाराजांनी वर बोट केलं. "आभाळातून."

"मग बघा वर."

साऱ्यांनी वर पाहिलं. वाकलेल्या छत्रीचं तोंड खाली रानातल्या कातळाकडे होतं आणि तिची तांबडी पाठ आभाळाकडे.

"दोन वर्षं झाली, ती तुमच्या शब्दाला पाठ दाखवतेय आणि आमच्या कातळाला मुजरा घालतेय," सगुणा म्हणाली. "तापलेला कातळ सारखी बारीक खरखर करत असतो. आपल्या कानाला कळत नाही, छत्रीला कळते. तुमचा आवाज निसटतो, कातळाचा आत येतो."

विसाजीपंत एकदम पायातले जोडे न्याहाळू लागले.

महाराजांनी छत्रीची पाठ एकदा निरखली. मग म्हणाले, "तिला आमच्याकडे तोंड करायला सांगा."

सगुणानं दोर सोडला. छत्रीनं मान वर केली. काटा सरकला. आवाज वीस भाग, खरखर एक. पंतांची पेटी तिनं काढून ठेवली, आणि कर्ण्यातून महाराजांचा शब्दन्‌शब्द चावडीभर घुमू लागला. जिवाजीनं डोळे पुसले.

महाराज खूश होऊन ऐकत बसले. पाव तास झाला. अर्धा तास झाला. भाषण अजून राजघराण्याच्या सातव्या पिढीत होतं. वाकलेल्या गावाच्या कमरा भरून आल्या. शेवटी महाराजांनीच हळूच जांभई दिली आणि सगुणाला जवळ बोलावलं.

"पोरी, खरं सांग. अजून थोडी खरखर राहिलीय का यात? मन लागत नाही."

सगुणानं काटा नीट पाहिला.

"नाही, सरकार. बाहेरची होती ती सगळी गेली. आता जे ऐकू येतंय ते सगळं आपलंच आहे."

विसाजीपंतांनी डोळे गच्च मिटले. महाराज असे खदखदून हसले की शब्दच फुटेना. हसता हसताच त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून तिच्या मनगटात चढवलं. जिवाजीचं घर जागच्या जागी राहिलं आणि राज्यातल्या साऱ्या छत्र्या सगुणाच्या हाती आल्या. महाराजांनी तिला पहिला हुकूम दिला तो तिथेच, डोळे पुसत पुसत:

"आधी ते भाषण बंद कर, आणि गाणी लाव."