मास्तरांच्या हातातला गोळा

रेल्वेवेड्यांच्या संमेलनाची सहल आखायला सुनेत्रा खांबेटे भरदुपारी त्या बंद पडलेल्या घाटस्टेशनात पोहोचली. फलाटावर जुन्या गणवेशातले स्टेशनमास्तर उभे होते. ऊन रणरणत होतं, पण त्यांची सावली पडत नव्हती.

"सहल विसरा!" तिने सहलीच्या गाडीचं विचारताच ते गुरकावले. "चाळीस वर्षांपूर्वी बोगद्यात शिरलेली गाडी अजून बाहेर आलेली नाही. तोवर दुसरी सोडायची नाही, असा नियम आहे."

सुनेत्राने त्यांच्या हातातला लोखंडी गोळा हेरलाच.

"मास्तर, हा एकुलता एक गोळा सोबत घेतल्याशिवाय ड्रायव्हर बोगद्यात शिरत नाही, हाही नियमच ना? मग तो तुमच्या हातात कसा? म्हणजे बोगद्यात गाडी नाहीच!"

मास्तर गोळ्याकडे बघतच राहिले. "मग इतकी वर्षं मी कुणाची वाट पाहतोय?"

"आमच्या गाडीची," म्हणत सुनेत्राने हात पुढे केला.

बर्फासारखा गार गोळा तिच्या तळहातावर आला आणि गाडीला वाट देत गंजलेला सिग्नल आपोआप पडला.